वायरमामा

परभणीत एखाद्या घरी नवा प्लेअर आला आणि टीव्हीवर चित्र आलं नाही, की कंपनीच्या माणसाला फोन लागण्याआधी वायरमामाला निरोप जातो. वसमत रोड असो, सेलूची कॉलनी असो की गंगाखेडातली गल्ली, असा एक मामा असतोच. पेशानं तो काहीही असेल: निवृत्त मास्तर, मोटार रिवायंडिंगवाला, नाहीतर कृषी विद्यापीठातला प्रयोगशाळा सहायक. शर्टाच्या खिशात पेनाला लागून टेस्टर, हातात कॅरीबॅग, आणि तिच्यात एक ओढली तर सात बाहेर येतील अशा वायरी. ‘कामाला येती कवातरी’ या तत्त्वावर त्यातली एकही त्यानं फेकलेली नसते.

जगातला प्रत्येक बिघाड म्हणजे लूज कनेक्शन, हा त्याचा सिद्धान्त. तो बनला भाड्यानं व्हीसीआर आणायच्या दिवसांत. तेव्हा रात्रभरात तीन सिनेमे संपवायचे असत आणि अर्धी गल्ली सतरंजीवर बसलेली असे. चित्र गेलं की मामा पिन उपसायचा, फुंकर मारायचा, परत खोचायचा. चित्र यायचं. एवढ्या लोकांसमोर सिद्ध झालेला सिद्धान्त माणूस सहजी सोडत नाही.

पहिला धक्का दिला डीव्हीडीनं. बऱ्याच घरांत टीव्हीला अँटेनाचं एकच भोक होतं. म्हणून मामानं डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरला जोडला आणि व्हीसीआर टीव्हीला. चित्र आलं, पण ते आपोआप उजळायचं, मग काळवंडायचं, परत उजळायचं. परभणीच्या माणसाला याचं कारण शोधावं लागत नाही. ‘व्होल्टेज!’ मामा म्हणाला. घरमालकानं स्टॅबिलायझर आणला. पंखा सुतासारखा फिरू लागला, नायिका मात्र तशीच उजळत-काळवंडत राहिली.

दोष महावितरणचा नव्हताच. मॅक्रोव्हिजन नावाच्या अमेरिकी कंपनीची ही करामत. कॅसेटची नक्कल होऊ नये म्हणून १९८०च्या दशकात तिनं एक युक्ती काढली: चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत मुद्दाम खोटे लखलखाट घुसवायचे. पुढे डीव्हीडीसाठीही तीच वापरली गेली. व्हीसीआर स्वतःच उजेड सांभाळत असतो. हे लखलखाट पाहून तो गोंधळतो आणि चित्र बिघडवतो. इथं नक्कल कुणी करत नव्हतं, सिनेमा फक्त व्हीसीआरमधून टीव्हीकडे चालला होता. पण हॉलिवूडचा संशय सरसकट होता, आणि त्यात परभणीचं हे घरही आलं.

आता एचडीएमआय आहे. एका तोंडात १९ पिना, म्हणजे मामाच्या हिशेबानं लूज कनेक्शनच्या १९ शक्यता. मुलगा पुण्याहून प्लेअर पाठवतो. घरात असतो चितेगावच्या कारखान्याच्या काळातला व्हिडिओकॉन, आणि त्याच्या पाठीवर लाल, पांढरी, पिवळी अशी तीनच भोकं. मामा काही शे रुपयांची कन्व्हर्टरची डबी मधे बसवतो, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतो आणि बटण दाबतो.

‘दिसायलंय का?’

‘मामा, बबलूच्या लग्नाची शूटिंग दिसायली. सिनेमा लावला की काळं व्हायलंय!’

इथं सिद्धान्ताला घाम फुटतो. वायर तीच, पिना त्याच, डबी तीच. हळदीचा पिवळा रंगसुद्धा चोख दिसतो, सिनेमाच तेवढा दिसत नाही. लूज कनेक्शन इतकं निवडक कसं असेल?

कुलूप वायरीत नसतंच. इंटेलनं तयार केलेल्या एचडीसीपी या पद्धतीत प्लेअर आणि टीव्ही, सोयरीक जुळवायला आलेल्या मंडळींसारखे, आधी एकमेकांचं कूळ विचारतात; इथं टीव्हीच्या वतीनं उत्तर द्यायला ती डबी असते. पहिल्या पिढीत दोघांकडेही ५६ बिटच्या ४० गुप्त किल्ल्या असतात. शिवाय ४० बिटचा एक ओळखक्रमांक. त्यात २० एक आणि २० शून्य असलेच पाहिजेत. ओळख पटली तर चित्र, नाही तर अंधार. एवढ्यावर भागत नाही, दर दोन सेकंदांनी फेरतपासणी होते. बबलूच्या लग्नाला हा पहारा नाही, कारण ते चोरायला कुणी येणार नाही असं हॉलिवूडचं मत आहे.

गंमत म्हणजे मामाचा उपाय इथंही पुष्कळदा लागू पडतो. सगळं बंद करायचं, पिन काढायची, फुंकायची, खोचायची, आधी टीव्ही आणि मग प्लेअर चालू करायचा. असं केलं की ओळखपरेड पहिल्यापासून होते, आणि अडलेली बोलणी कधीकधी जुळतात. कंपनीचा माणूसही फोनवर हेच सांगतो. फरक एवढाच की तो फुंकर मारायला सांगत नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे कुलूप केलं त्यांचं काय झालं? सप्टेंबर २०१०मध्ये या पद्धतीची मुख्य किल्लीच इंटरनेटवर फुटली, आणि ती खरी असल्याचं इंटेलनं मान्य केलं. चोरांची सोय झाली, गिऱ्हाइकाची पंचाईत तशीच राहिली. ब्लू-रेच्या नियमांनी तर ३१ डिसेंबर २०१३नंतर बनलेल्या प्लेअरमधून तीन भोकांच्या वाटेनं डिस्कचं संरक्षित चित्र सोडणंच बंद केलं. पुढे फोरके आलं आणि एचडीसीपीची २.२ आवृत्ती मागू लागलं; तेव्हा काल-परवा घेतलेले चपटे टीव्हीही म्हाताऱ्यांत जमा झाले. मामानं हे सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि टॉर्च तोंडात धरून परत टीव्हीमागे शिरला.

तुम्ही नवा प्लेअर घ्यायला निघाला असाल तर आधी टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून दुकानात न्या. तीनच भोकं दिसत असतील तर एव्हीची पिन बाहेर काढणारा प्लेअर मागा, आणि तुमचा सिनेमा लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. एवढं करूनही मामाला बोलवायची वेळ आलीच, तर लाईट असताना बोलवा. त्या डबीलाही करंट लागतो.