दुकानात चालते, घरी बंद पडते

नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम आणि एसएसडी घालून घेतल्यावर कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा जास्त वेळा बंद पडू लागला, तर त्या कामाचे पैसे अपग्रेड म्हणून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो आहे. लातूर आणि नांदेडात ज्यांची रोजीरोटी एका कॉम्प्युटरवर चालते त्यांच्याकडून हीच तक्रार सारखी ऐकू येते, आणि ती किरकोळ समजून सोडून दिली जाते.

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आमच्या ओळखीतली बरीच मशीन तिसऱ्या-चौथ्या पिढीची. नुसती रॅम वाढवून भागेना, बोर्डासकट सगळे बदलणे आले. खर्च बसवण्यासाठी मग दुकानात एक वाट काढली जाते: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी नवे, कॅबिनेट आणि त्यातला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस जुनाच. "डबा चांगलाय की सर, कशाला उगा पैसे घालता?" ऐकणाऱ्याला हे आपल्या काळजीपोटी बोललेले वाटते. पुढच्या सगळ्या मनस्तापाचे मूळ पुष्कळदा याच एका वाक्यात असते.

मी लातुरात ट्यूशन क्लासेसचे पेपर टाइप करून देतो. फिजिक्सची समीकरणे, केमिस्ट्रीच्या रचना, बायोलॉजीच्या आकृत्या. रविवारी टेस्ट म्हणजे शनिवारी रात्री पेपर छपाईला गेलाच पाहिजे. माझे दाजी नांदेडला सेवा केंद्र चालवतात. त्यांच्याकडे जुलैत पीक विम्याची गर्दी असते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला तेव्हा तर शेवटची तारीख ३१ जुलैवरून ३ ऑगस्टवर न्यावी लागली होती. अशा दिवसांत लोहा-कंधारकडून आलेला शेतकरी सातबारा, आधार, पासबुक घेऊन समोर बसलेला असतो, त्याच्या मोबाइलवर ओटीपी आलेला असतो, आणि नेमका तेव्हा माउसचा बाण जागच्या जागी अडकतो. मशीन बंद करून पुन्हा चालू होईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मागची रांग कुरकुरायला लागते. त्या माणसाला संध्याकाळची एसटी गाठायची असते आणि उद्या पुन्हा यायचे तर रोजंदारी बुडते. ज्यांना ही अडचण किरकोळ वाटते त्यांनी एक दुपार त्या खुर्चीत बसावे.

बिघाडाला वेळापत्रक नसते, हा सगळ्यात मोठा जाच. कधी पडदा निळा होतो, कधी काळा होऊन मशीन आपोआप रिस्टार्ट होते, कधी सगळे जसेच्या तसे गोठते आणि स्पीकरमधून एकच घरघर येत राहते. जड काम चालू असताना ते टिकते आणि आपण जेवायला उठलो की बंद पडते. दुकानात न्यावे तर तिथे संध्याकाळपर्यंत विनातक्रार चालते. "मस्त चालू लालंय की सर. तुमच्या घरची लाईट बघा." खरे म्हणजे त्या दुकानात बोलले गेलेले हे सर्वात उपयोगाचे वाक्य असते. पण ते बोलणे संपवण्यासाठी म्हटलेले असते. लाईट बघायची म्हणजे काय बघायचे, कुठे मोजायचे, किती आली पाहिजे, हे कुणी सांगत नाही. मल्टिमीटर समोरच्या ड्रॉवरमध्ये असतो, तो बाहेर निघत नाही.

बाहेर निघतो तो खोडरबर. रॅम काढायची, तिचे पिवळे दात रबराने घासायचे, ब्लोअर मारायचा, पुन्हा बसवायची. जुन्या मशीनला याने गुण येतो, कारण तिथे दातांवर काजळी बसलेली असते. आठवड्यापूर्वी पाकिटातून निघालेल्या रॅमला काजळी कुठून येणार? तरीही रबर फिरतोच. नंतरचा उपाय फॉरमॅटचा. "एकदा फॉरमॅट मारून बघू सर" हे वाक्य मराठवाड्यातल्या दुरुस्तीच्या टेबलावर जितक्या सहज निघते तितक्या सहज दुसरे काहीच निघत नाही. माझा या वाक्यावर राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

फॉरमॅट मारला की माझे मराठी फॉन्ट जातात. बोटांना सवय झालेला कळफलक जातो. जुन्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या डोंगलचा ड्रायव्हर जातो. प्रत्येक क्लासचा मथळा, लोगो, समासाची मापे जातात. परत येताना कॉम्प्युटरवर परवाना नसलेली विंडोज असते आणि कोपऱ्यात ती सक्रिय करा म्हणून पुसट अक्षरे कायमची मुक्कामाला येतात. बिघाड मात्र तसाच राहतो, कारण तो विंडोजमध्ये नव्हताच. याहून वाईट म्हणजे पुरावा पुसला जातो. प्रत्येक वेळी मशीन कोसळते तेव्हा विंडोज इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद करते, आणि निळा पडदा आला असेल तर मिनिडंप नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइलही बहुधा ठेवते. चोरी झाल्यावर पोलीस येण्याआधी घर धुऊन काढावे, तसे फॉरमॅट हे सगळे धुऊन टाकते.

त्या नोंदी वाचायला फार विद्वत्ता लागत नाही. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सगळ्यांना दिसते आणि सगळे तिला घाबरतात. तिचा अर्थ इतकाच, की मशीन रीतसर बंद न होता बंद झाले. कारण ती सांगत नाही. निळ्या पडद्याचा एकही कोड न येता नुसती तीच नोंद पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर संशय आधी वीजपुरवठ्यावर घ्यावा. मेमरी मॅनेजमेंटचा कोड येत असेल तर रॅम तपासावी. व्हिया-लॉगरची नोंद असेल तर प्रोसेसर, बोर्ड, ताप यांच्याकडे बघावे. पाच मिनिटांचे काम आहे. ते न करता "एनीडेस्क चालू करा, इथूनच बघतो" असे गोठलेल्या मशीनच्या मालकाला फोनवर सांगितले जाते.

आता घर आणि दुकान यांतला फरक. दुकानात एसी असतो, चांगला यूपीएस असतो, टेबलावर कॅबिनेटचे झाकण उघडे असते. घरी मे महिन्यात नांदेडचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि मशीन भिंतीला टेकून टेबलाखाली. प्रोसेसरवरचा पंखा चार खुंट्यांनी बोर्डात बसतो. घाईत एक खुंटी नीट न बसली तर पंखा तिरका राहतो. दुकानातल्या गारव्यात ते लक्षातही येत नाही. आमच्या उन्हाळ्यात प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचतो, आधी वेग कमी करतो, तरी ताप उतरला नाही तर मशीन बंद पडते.

एसएमपीएसचे प्रकरण याहून खोल आहे. त्यावर ४५० वॅट छापलेले असते म्हणून कुणी शंका घेत नाही. बारा व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट एवढीच ये-जा मान्य असते आणि नव्या प्रोसेसरचा जवळजवळ सगळा भार याच तारेवर येतो. जुने स्वस्त एसएमपीएस पाच व्होल्टवर जास्त भार असायचा त्या काळातल्या घडणीचे. शिवाय इंटेलच्या २०१३ च्या चौथ्या पिढीपासून प्रोसेसर रिकामा असताना इतकी कमी वीज ओढू शकतो, की काही जुन्या एसएमपीएसना तेवढ्या थोड्या भारावर व्होल्टेज स्थिर ठेवता येत नाही. काम करताना टिकणारे आणि जेवायला उठल्यावर बंद पडणारे मशीन हे त्याचेच लक्षण असू शकते. इन्व्हर्टरचेही तसेच. वीज गेल्यावर एसएमपीएसने साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. पंखे-दिव्यांसाठी लावलेला घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर बदल व्हायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचे, मोड बदलायचे छोटे बटण कुणी दाखवत नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हा अनुभव लातुरात घरोघरी आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे पायात चप्पल घालून बसणे. एसएमपीएसमधल्या गाळणीचा थोडा प्रवाह अर्थच्या तारेने जमिनीत जायला हवा. ती वाटच नसेल तर तो पत्र्यावर थांबतो आणि आपल्या बोटांना जाणवतो. आमच्या जमिनीखाली काळा कातळ. कोळसा-मीठ घालून केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात कोण पाणी ओतणार होते? पण म्हणून अर्थिंग मोजायचेही नाही, हे चूक आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज दोन-तीनच्या आत आहे की नाही, हे वायरमन दोन मिनिटांत सांगतो.

नवीन वस्तू आहे म्हणजे चांगलीच असणार, हा समजही आता सोडायला हवा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते. लोक ग्राफिक्स कार्डाला, गेमला, बोर्डाला दोष देत बसले. कंपनीने २०२४ मध्ये कारण मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जिथे एवढ्या मोठ्या कंपनीच्या नव्याकोऱ्या मालात असे होते, तिथे आमच्या रॅमच्या पट्टीवर शंका घेतली तर दुकानदाराने कपाळाला आठ्या घालू नयेत. पट्टी खोटी आहे का, हे कळायला मेमटेस्ट८६+ फुकट मिळतो, पेनड्राइव्हवरून चालतो. रात्रभर लावावा. एकही चूक दिसली तरी ती पट्टी बाद. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा सगळ्या तपासणीचा पाया आहे, आणि आमच्याकडे नेमके उलटे होते: एका फेरीत रॅम, केबल आणि विंडोज तिन्ही बदलतात. मग मशीन चालले तरी कशाने चालले ते कळत नाही, आणि महिन्याने पुन्हा बंद पडले की सगळे पहिल्यापासून.

वॉरंटीचे तर विचारू नये. नांदेडचा माल बऱ्याचदा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून येतो, लातूरचा पुण्याहून. बिघडलेला भागही तसाच परत जायचा. "कंपनीला पाठवलंय सर, येईल" म्हणून सांगतात. तोवर बदली भाग देत नाहीत. पावती मागितली तर वहीच्या कागदावर आकडा, भागाचा सिरियल नंबर नाही.

तंत्रज्ञ पोरे हुशार आहेत आणि कमी पगारात राबतात, हे मला माहीत आहे. माझे मागणे दुकान चालवणाऱ्यांकडे आहे. अपग्रेडच्या किमतीत चांगला एसएमपीएस धरा. मशीन देण्याआधी झाकण लावून रात्रभर रॅमची चाचणी चालवा आणि निकाल गिऱ्हाइकाला दाखवा. नोंदी वाचल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.

आणि गिऱ्हाइकांनो, पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतून तक्रार सांगता येते.