कुपनवाले दादा

हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळद विकून निघालेल्या दादांना भाव विचारून बघा. "बरा लागला," एवढंच हाती येईल. कट्टे किती गेले, अडत्याकडून उचल किती होती, हे सख्ख्या भावालाही ठाऊक नसतं. पट्टी बंडीच्या आतल्या खिशात, आणि बंडी रात्रीही अंगावर.

हेच दादा दसऱ्याच्या प्रदर्शनात 'भाग्यवान विजेत्यास मोटारसायकल' ही पाटी दिसली की विरघळतात. नाव, गाव, जन्मतारीख, मोबाइल, जमीन किती, विहीर की बोअर, कर्ज कोणत्या बँकेचं, सगळं सुवाच्य अक्षरात. मग मेहुण्याचंही कुपन तेच भरतात. त्याला विचारलं का? "त्याला कामून इचारायचं? गाडी लागली की सांगतोच की!"

गाडी अजून लागलेली नाही. फोन मात्र लागतात: बियाणं, विमा, झटपट कर्ज. दादा कुणाला तोडून बोलत नाहीत. उलट कर्जवाल्या मुलीला आपुलकीनं विचारतात, "बाई, तुमचं गाव कोणतं? पगार किती देतेत?" ती ताबडतोब फोन ठेवते. खासगीपणाची जाण त्या धंद्यात नाही असं कोण म्हणतं?

१ जूनला कुपनवाल्या कंपनीकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट तीच तारीख टाकलेली, त्यामुळे शुभेच्छा एकाच सकाळी अर्ध्या गावाला. इतकं खणून कंपनीच्या हाती लागली ती गुरुजींची सोय. दादांना मात्र वाटतं, पुण्या-मुंबईत आपली ओळख आहे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ साली वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, हे मी त्यांना सांगितलं. कागदी कुपन संगणकात चढवलं की तेही त्याच्या कक्षेत, अशी त्यात तरतूद. सोडतीसाठी घेतलेला नंबर कर्ज विकायला वापरायचा नाही. कंपनीला दंड ५० कोटींपर्यंत. दादा सावरून बसले.

"त्यात आपला वाटा किती?"

काहीच नाही. दंड सरकारी तिजोरीत. शिवाय दुसऱ्याचं सोंग घेऊन माहिती देणाऱ्याला त्याच कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हेही सांगितलं.

यंदा मेहुण्याचं कुपन ते भरणार नाहीत. स्वतःची दोन भरतील.