‘बोर्ड गेला’: सेवाकेंद्राच्या व्यवस्थापकांस अनावृत पत्र

श्रीमान व्यवस्थापक महाशयांस,


आपल्या अधिकृत सेवाकेंद्राने माझ्या लॅपटॉपसंबंधी गेल्या महिन्यात दिलेला फैसला मी जपून ठेवला आहे. पूर्वी मुनसफाच्या कोर्टात एखाद्या बांधाच्या वादाचा निकाल लागला, तरी त्यात वादीचे म्हणणे, प्रतिवादीची कैफियत, साक्षीपुरावा आणि कारणमीमांसा असा पाच-सहा पानांचा मजकूर असे. आपण मात्र ६२,००० रुपयांच्या यंत्राचा निकाल ‘मदरबोर्ड फॉल्टी, रिप्लेस’ एवढ्या तीन शब्दांत लावलात, आणि खाली ३८,४०० हा आकडा लिहून अपिलाची वाटही बंद केलीत. अशी मितभाषिता ऋषिमुनींनाही साधली नसेल.

बोर्डावरचे नेमके काय बिघडले, असे मी काउंटरवर विनयपूर्वक विचारले. टापटीप गणवेशातील आपला तरुण अभियंता पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, ‘काका, बोर्डच गेलाय.’ बोर्डावरचे काय गेले? ‘ते सिस्टीममध्ये येत नाही.’

आता जी वस्तू सिस्टीममध्ये येत नाही, ती प्रत्यक्षात कशी असते हे आपल्याला मी सांगावे, हा उद्धटपणा होईल, तरी सांगतो. अडॅप्टरमधून १९ व्होल्टने येणारी वीज बोर्डावर ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि प्रोसेसरपुरती जेमतेम एका व्होल्टच्या आसपास, अशी पायरीपायरीने उतरवली जाते. या वाटेवर शेकड्यांनी चिमुकले कपॅसिटर बसवलेले असतात, आणि त्यांपैकी मोक्याच्या जागचा एक जरी शॉर्ट झाला, तरी संरक्षणाची योजना सगळा पुरवठा तोडून टाकते व बाकीचे सारे भाग धडधाकट असताना यंत्र मृतवत पडते. शॉर्ट आहे की नाही हे पाहायला मल्टीमीटर पुरतो. आपल्या टेबलावर तो नव्हता. स्क्रूड्रायव्हरचा संच होता, दरपत्रक होते, आणि ‘आम्हाला पाच स्टार द्या’ अशी याचना करणारी पाटी होती.

हेही मी गिळले असते. झोंबली ती आपल्या अर्जातील बारीक अक्षरांतली अट, की काढलेला जुना बोर्ड कंपनीकडे जमा होईल. म्हणजे एकेकाळी पुष्कळ लॅपटॉपांत सॉकेटमध्ये बसणारा व काढता येणारा प्रोसेसर, यंत्र सडपातळ करण्याच्या हौसेपायी आपल्या कंपनीने बोर्डाला कायमचा झाळून टाकायचा, मेमरीचीही तीच गत करायची, आणि मग कुठलासा क्षुल्लक भाग निकामी झाला, की मी रोख मोजून घेतलेला तो निर्दोष प्रोसेसर आणि ती निर्दोष मेमरी यांच्यासकट सगळा बोर्ड बिनमोबदला जप्त करायचा! बरे, त्याचे पुढे होते काय? त्याच अर्जात लिहिले आहे की बदली म्हणून दिला जाणारा भाग नवा असेल किंवा ‘रीफर्बिश्ड’ असेल, आणि त्याची हमी नव्वद दिवसांची राहील. म्हणजे आपल्याच कंपनीच्या अमलाखाली कुठेतरी कोणीतरी असल्या ‘गेलेल्या’ बोर्डांना डाख देतो, ते चालते करतो, आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या पदरात पूर्ण किमतीने पडतात. बोर्ड दुरुस्त होतो, व्यवस्थापक महाशय. फक्त ज्याचा आहे त्याच्यासाठी होत नाही. ही लूट आहे. याहून सौम्य शब्द मला सुचत नाही, आणि सुचावा अशी इच्छाही नाही.

फोनवर ऐकवलेले ते अखंड संगीत, दर खेपेस नव्याने वदवून घेतलेला सिरीयल नंबर, आणि ‘आत पाणी गेलं होतं का?’ हा आरोपीला विचारावा तसा सवाल, यांचा उल्लेख केवळ दप्तरी नोंद असावी म्हणून करतो. डेटा गेल्यास केंद्र जबाबदार नाही, या कागदावर माझी सही तत्परतेने घेतलीत; परंतु बोर्ड बदलला की डेटाला कुलूप घालणारा बिटलॉकर ‘रिकव्हरी की’ मागत अडून बसतो, कारण कुलपाची किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा-चिपपाशी राहते, हे सांगण्याची तत्परता कोणी दाखवली नाही.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्यासाठी पोर्टलही उघडले. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो कितपत दुरुस्त होऊ शकतो याचे दहापैकी गुण गिऱ्हाइकाला दाखवावे लागतात. आपल्या बाजूनेही बोलण्यासारखे थोडेफार असेल. ते कंपनीच्या जाहिरात खात्याने बोलावे, त्याला त्याचा पगार मिळतो.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. माझा आवाज चढला तेव्हा आपण केबिनमधून बाहेर आलात. मागचे झाकण काढलेला माझा लॅपटॉप आपण ट्यूबलाइटखाली किंचित तिरका धरलात, आणि आपला अंगठा, कोणी न सांगता, चार्जिंगच्या खाचेपासून आत सरकत एका ठिकाणी थांबला. तिथे तो क्षणभर रेंगाळला. मग आपण लॅपटॉप खाली ठेवून म्हणालात, ‘चिप लेव्हलचं काम आमच्या पॉलिसीत नाही.’ त्या अंगठ्याने कधीकाळी बोर्डांवर बरीच वर्षे काढली असावीत, आणि आता त्याला फक्त कोटेशनवर सह्या करायला ठेवले आहे, हे मला तेव्हा कळले. आणि इतका वेळ आपल्यावर रोखून धरलेला राग एकाएकी निराधार झाला. ज्याला येते त्याला करू न देण्याचा पगार देणारी ही कसली पेढी!

ग्रँट रोड स्टेशनाजवळ, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग आणि लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड, तिथल्या एका माळ्यावरच्या कारागिराकडे मी तेच यंत्र नेले. त्याने मल्टीमीटर लावला, ‘मेन लाइन शॉर्ट आहे’ म्हणाला, पॉवर सप्लायमधून एक व्होल्ट आत सोडला आणि ब्रशने बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवले. ओलसर चकाकणाऱ्या त्या हिरव्या पृष्ठभागावर एकच ठिपका सगळ्यांआधी कोरडा पडला. तापणारा कपॅसिटर तो, जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा, आणि आपला अंगठा थांबला होता तिथेच. हॉट एअरने तो उतरवला, एका भंगार बोर्डावरचा दुसरा बसवला, आणि बटण दाबताच पडदा उजळला. एकूण खर्च २,२०० रुपये, आणि काढलेला कपॅसिटर सेलोटेपवर चिकटवून माझ्या हाती.

तेव्हा विनंती अशी की यापुढे कोटेशन देताना बिघाड बोर्डावर कोणत्या ठिकाणी आहे ते एका ओळीत लेखी द्यावे, आणि बोर्ड बदललाच तर जुना बोर्ड ज्याचा त्याच्या पिशवीत घालावा. कंपनीने हरकत घेतल्यास तिचा हुकूम लेखी मागवून त्याची एक नक्कल मजकडे रवाना करावी. जिल्हा ग्राहक आयोगापुढे ती मला लागणार आहे.

कळावे,
आपला एक ग्राहक