घरबसल्या फराळ विका : नवोदितांसाठी सोपे मार्गदर्शन

अभिनंदन! शेजारच्या काकूंनी चकली खाऊन ‘अगं, तू हे विकत का नाहीस?’ असे विचारले आणि तुम्ही ते मनावर घेतले. काकू स्वतः विकत घेणार नाहीत, एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचा.

सर्वप्रथम नाव ठरवा. त्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवा. लोगोत पणती हवी की तुळस, यावरून घरात अबोला होऊ द्या आणि शेवटी आजीचे नाव देऊन टाका. सगळे तेच करतात. आजीला चकली जमत होती का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

मग कागदपत्रे. एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर हवा. सोबत घटक पदार्थ, निव्वळ वजन, तारीख आणि चौकोनातला हिरवा ठिपका. एवढे मावल्यावर आजीच्या फोटोला जागा उरत नाही. जीएसटी मात्र नीट समजून घ्या. राज्यातल्या राज्यात वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही (तुमची आतच असेल, काळजी नसावी). माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही किरकोळ असो, नोंदणी हवी. बेळगाव आपलेच आहे असे आपण कितीही म्हणालो, तरी जीएसटीच्या पोर्टलवर ते कर्नाटकात आहे. तिथल्या मावशीला फराळ भेट म्हणून पाठवलेला बरा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे : सुरुवातीला चिवडा विकू नका. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी धरतात. एक काट्यावरचे. दुसरे, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागल्यावर येणारे. यातले जे जास्त, त्याचे पैसे. 30 बाय 25 बाय 20चे खोके म्हणजे झाले 3 किलो. त्यात पातळ पोह्यांचा चिवडा दाबून भरला तर चुरा होतो, न दाबता भरला तर काटा जेमतेम दीड किलोवर थांबतो. उरलेले दीड किलो हवा. ती तुम्ही स्वखर्चाने नाशिकहून नागपूरला पाठवता. या हिशेबात बेसनाचा लाडू गुणी : लहान, जड, आणि निघण्यापूर्वी फुटला तरी पुन्हा वळता येतो. चकलीला तशी दुसरी संधी नाही. चकल्या एकावर एक रचा, मधे बटर पेपर घाला, कडेच्या फटीत कागद कोंबा. मग खोके कानाशी धरून हलवा. खडखडले तर उघडा, आणखी कागद कोंबा. नाही खडखडले, तरी तळाची चकली तुटतेच. गिऱ्हाईक फोटो पाठवते तो तिचाच.

पत्ता मागून घ्या. ‘मारुती मंदिरासमोर, पाटलांकडे, फोन करा’ असा येईल. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात ढिगाने आहेत. असल्याच नामसाधर्म्यावर उपाय म्हणून 15 ऑगस्ट 1972 पासून सहा आकडी पिनकोड आला. तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी माणसाने. तरीही गिऱ्हाईक पाचच आकडे लिहिते. सहावा विचारायला फोन करा, उचलणार नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. पार्सल दारात पोचते तेव्हा गिऱ्हाईक गावाला गेलेले असते. जाण्याचे भाडे तुमचे, परतीचेही तुमचे, चुरा घरच्यांचा.

फोटोवर किंमत ठळक लिहा. तिच्याखाली ‘किंमत?’ असे विचारले जाईल. सांगा. ‘बरं’ असे उत्तर येईल, मग काहीच येणार नाही. धनत्रयोदशीच्या रात्री साडेअकराला तीच व्यक्ती ‘उद्या मिळेल ना?’ म्हणून विचारील. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची चैन चितळे बंधूंना कित्येक वर्षे परवडली. पुढे त्यांनीही ती सोडली. तुम्हाला ती पहिल्या दिवसापासून नाही, कारण तुमचे दुकान उशाशी चार्जिंगला लावलेले असते.

राहता राहिला भाव. भाजणी, तेल, गॅस, खोके, लेबल, कुरिअर असे रकाने आखा. बेरजेवर थोडा नफा चढवा आणि ‘किती स्वस्त पडते!’ म्हणून खूश व्हा. नंतर स्वयंपाकघरात डोकावा. आई सकाळपासून सोऱ्या दाबते आहे, मनगटाला बाम लावलेला आहे, आणि तुमच्या वहीत मजुरी नावाचा रकाना नाही. तो आखा. तासाला बाहेरची बाई घेईल तेवढा आकडा भरा. भाव दीडपट होईल. मग आत्याला फोन करून सांगा, कारण तिने ‘घरच्या भावात’ पाच किलोची ऑर्डर कालच गावभर कळवली आहे.