‘दोनच मिनिटं तर लागतात’ म्हणणाऱ्या डॉक्टरांस

डॉक्टरसाहेब,

परवा तुमच्या खुर्चीत आडवा होतो तेव्हा तोंडात सक्शनची नळी आणि तुमची दोन बोटं होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. ते आता जाहीरपणे देतो. प्लाक दिसावा म्हणून तुम्ही माझ्या तारा लावलेल्या दातांना जांभळा रंग फासलात, हातात आरसा दिलात आणि शेजारच्या खुर्चीतल्या सातवीतल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणालात, "काका, तुमच्यापेक्षा हा चांगलं घासतो. जेवणानंतर दोनच मिनिटं तर लागतात!" कार्टं तारांसकट हसलं. माझं वय, माझा हुद्दा, सोसायटीच्या मीटिंगमधला माझा दरारा, सगळं त्या रंगात गेलं.

दोन मिनिटं. मोजूच या.

आधी खळखळून चूळ. मग तो मधले केस आखूड असलेला खास ब्रश: तारेच्या वरच्या अंगाने, मग खालच्या अंगाने, हिरडीशी ४५ अंशांत तिरका. मग आतली बाजू, मग चावायची बाजू. इथे तुमची दोन मिनिटं संपली. पुढे इंटरडेंटल ब्रश. तो तारेखालून घालून दातावर चिकटवलेल्या प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही कुशींत फिरवायचा. तिसऱ्या-चौथ्या दातालाच त्याची मान मोडते. मग फ्लॉस. तारा नसलेली माणसं दोरा सरळ फटीत घालतात. माझ्या फटीवर तुमची तार आडवी. म्हणून दोरा आधी थ्रेडरच्या फासात ओवायचा, तो तारेखालून सारायचा, जिभेच्या बाजूने चिमटीत पकडायचा, ओढायचा, एका दाताच्या कडेला वरखाली, दुसऱ्या दाताच्या कडेला वरखाली, बाहेर काढायचा आणि पुढच्या फटीसाठी पुन्हा पहिल्यापासून. साडीला फॉल लावणारी बाईसुद्धा दर टाक्याला सुई नव्याने ओवत नाही. चार उपदाढा तुम्हीच उपटल्यात म्हणून फटी तेवढ्या कमी, हे उपकार मात्र मान्य. शेवटच्या दाढेपाशी एका हाताने गाल ताणावा लागतो आणि उरलेल्या एकाच हाताला दोऱ्याची दोन टोकं धरावी लागतात. तो दोरा हुकात अडकून तुटतो, त्याची शेपटी बाहेर लोंबते आणि काढायला बायकोला उठवावं लागतं. डॉक्टर, याला दात घासणं म्हणत नाहीत. ही अर्धवेळ नोकरी आहे आणि तिचा पगार मीच तुम्हाला देतो आहे!

हे झालं रात्रीचं, घरातलं, दार लावून. दुपारचं काय? आमच्या ऑफिसात मजल्याला एकच बेसिन, त्यावर पाटी: ‘येथे खरकटे टाकू नये.’ माझा अख्खा कार्यक्रमच त्या पाटीच्या विरुद्ध. मागे डबे धुवायला रांग. मी तोंडात फेस घेऊन, ओठ वर उचलून, सुळ्यापाशी रुतलेली शेपूची काडी शोधतोय आणि आमच्या साहेबांचा आवाज येतो, "बरं वाटत नाहीये का?" फेसात थोडं रक्त होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या, म्हणजे प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. तरी बाकीच्यांचं मौन जास्त लागलं. सकाळच्या पोह्यांतली मोहरी पुढच्या दोन दातांच्या मधोमध घेऊन मी क्लायंटपुढे तासभर बोललो आणि एकाही माणसाने सांगितलं नाही.

तुमच्या सूचनापत्रकाबद्दल एकच ओळ: पॉपकॉर्न, टॉफी, च्युइंगम खाऊ नका म्हणे. अहो, आमच्या घरी रोज पॉपकॉर्न असतं का? साबुदाण्याच्या खिचडीचं काय, तिळगुळाचं काय, शेवग्याच्या शेंगांचं काय, चोखून खायच्या रायवळ आंब्याच्या धाग्यांचं काय? तीळ तर तार आणि दात यांच्यातलं अंतर मोजूनच घडवलेला असावा.

आता तुमचं शास्त्र. जेवण झालं की तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, पीएच ५.५ च्या आसपास किंवा खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. मान्य. पण हा ब्रॅकेट चिकटवताना माझ्या चांगल्या, गुळगुळीत दाताला फॉस्फोरिक ॲसिड लावून खरखरीत कोणी केलं? १९५५ साली ब्युओनोकोर नावाच्या संशोधकाने ही युक्ती काढली. पुढे तिच्यामुळेच दातागणिक पोलादी पट्टा ठोकायची गरज संपली, हे मी वाचलंय. त्यांना माझा दंडवत. पण तुमचं ॲसिड उपचार आणि माझं ॲसिड निष्काळजीपणा, हा कुठला न्याय?

एवढं लिहून थांबायचा विचार होता. पण परवा तो मुलगा गेल्यावर तुम्ही मास्क खाली केलात. नाकावर त्याचा वळ होता. माझ्या सुळ्यापाशी खडूसारखी पांढरी रेघ दाखवलीत आणि म्हणालात, अशी रेघ चार आठवड्यांतही उमटू शकते, आणि एकदा ठळक झाली की पूर्ववत होईलच असं नाही. मग एका मुलीचं सांगितलंत. तारा काढल्या, दात एका ओळीत आलेले, आणि प्रत्येक दातावर जिथे ब्रॅकेट होता तिथे मध्ये चांगला चौकोन आणि भोवती पांढरी चौकट. आई तुमच्यावर ओरडली, मुलगी हात तोंडावर धरून निघून गेली. "दोन वर्षं मी दात सरळ केले हो," तुम्ही म्हणालात, आणि ड्रॉवरमध्ये उगाचच काहीतरी शोधायला लागलात. रोज वीस-पंचवीस तोंडांत डोकावून तेच वाक्य म्हणायचं, आणि घरी जाऊन त्यातलं कोण काय करतंय ते कधीच कळायचं नाही, हे काम मला कोणी फुकट दिलं तरी नको.

तरी काकांचा राग आहेच. तेव्हा मागण्या अशा. एक, ‘दोन मिनिटं’ हे शब्द मागे घ्या. वीस म्हणा, माणूस निदान तयारीने बसेल. दोन, मोठ्या माणसांची वेळ पोरांच्या सोबत देऊ नका. तीन, ज्यादा पैसे घेऊन तुम्ही ‘न दिसणारे’ म्हणून जे सिरॅमिक ब्रॅकेट लावलेत, त्यांचे पारदर्शक रबर पहिल्याच पिठल्याने पिवळे झाले. त्यावर तुमचा सल्ला: "हळद टाळा." आमच्या घरात हळदीवाचून फक्त चहा होतो. पुढच्या वेळी मुळातच पिवळे रबर लावून द्या.

आपला,
हप्त्यांवरचा पेशंट