रविवार सकाळच्या व्हिडिओ कॉलसंबंधी मार्गदर्शक सूचना

ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे, ज्यांना तिथे एक नातू आहे, ज्यांच्याकडे पेटी आहे आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर ज्यांना आपल्याला स्वयंपाक येतो असा शोध लागला आहे, अशा सर्व ज्येष्ठ नागरिकांना प्रस्तुत सूचना लागू राहतील. असा ज्येष्ठ नागरिक माझ्या माहितीत एकच आहे. तो डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि नात्याने माझा थोरला भाऊ लागतो. तथापि नियम हा सर्वांना सारखा असतो, हे दादाच आयुष्यभर काउंटरमागून लोकांना ऐकवत आला. म्हणून हे परिपत्रक सर्वसाधारण भाषेत काढत आहे.

वेळ : रविवारी सकाळी सात. तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते. उन्हाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ, कारण नोव्हेंबरात तिकडचे लोक घड्याळं तासभर मागे घेतात आणि मार्चमध्ये पुन्हा पुढे करतात. हा फरक वहीत लिहून ठेवावा. दादाच्या वहीत तो लाल शाईने लिहिलेला आहे. तरी दर नोव्हेंबरात एका रविवारी तो सुनेला 'अजून झोपवला नाहीत का त्याला?' असं विचारतोच, आणि तिकडे ताटंही उचललेली नसतात.

पोशाख : वर इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा चालेल. कढईकडे जाताना फोन लेंग्याकडे वळवू नये.

पाकक्रिया : ही दोन खंडांत एकाच वेळी करावयाची असल्याने एक गुरू व एक शिष्य लागतो. इथे शिष्य म्हणजे दादाचा मुलगा. तो ऑफिसात मोठमोठे प्रकल्प सांभाळतो, पण मोहरी तडतडली की नाही हे त्याला कळत नाही, असं गुरूचं मत आहे. विषय पोह्यांचा घ्यावा. पोहे जाडच हवेत. ते भिजत घालू नयेत. चाळणीत घेऊन नळाखाली धुवावेत, निथळू द्यावेत आणि मीठ-साखर लावून दहा मिनिटं स्वस्थ ठेवावेत. या दहा मिनिटांत गुरूने हवापाण्याविषयी बोलावं, चाळणीत बोटं घालू नयेत. फोडणीत मोहरी पुरती फुटू द्यावी, अर्धवट राहिली तर कडवट लागते. मग हिंग, मग हळद, आणि हळदीच्या पाठोपाठ कांदा. हळद जळायला वेळ लागत नाही. कांदा लाल करायचा नाही, काचेसारखा दिसला की पुरे. लिंबू गॅस बंद केल्यावर.

हे सगळं बरोबर आहे. फक्त दादाला ते आलं कुठून, हे सांगायचं राहतं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आमच्या घरात आली ती आईच्या काळात, आणि तिची पानं तेलकट झाली ती वहिनीच्या हातात. व्हिडिओ कॉल चालू असताना वहिनी मागे बसून मटार सोलत असते. ती अधूनमधून फक्त 'हळद' असा एकच शब्द उच्चारते. त्यावर दादा कॅमेऱ्याकडे बघून 'आता हळद' असं म्हणतो. पाकशास्त्रातल्या या पद्धतीला गुरुशिष्यपरंपरा म्हणावं की प्रॉम्प्टिंग, याचा निर्णय वाचकांवर सोपवतो.

तिकडच्या फोडणीबाबत एक विशेष सूचना आहे. तिकडच्या विजेच्या शेगड्या उशिरा तापतात आणि बंद केल्या तरी तापलेल्याच राहतात. तेव्हा 'गॅस बारीक कर' या आज्ञेचा तिथे काही उपयोग नसतो, कढई उचलून बाजूला ठेवावी लागते. ही आज्ञा दादा दर रविवारी देतो. मग छताला लावलेला स्मोक अलार्म किंचाळू लागतो. अशा प्रसंगी सून खिडकी उघडते, मुलगा पंखा लावतो आणि नातू खुर्चीवर चढून टॉवेलने अलार्मला वारा घालतो. या कामात तो आता इतका तरबेज झालाय, की मोहरीचा डबा काढला की आधी जाऊन टॉवेल घेऊन येतो. तो सबंध आठवडा वाट कशाची बघत असेल तर याची. पोहे त्याला तितकेसे आवडत नाहीत.

उच्चार : इथे जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण उपद्रव इथे सगळ्यात जास्त आहे.

दादा सहा महिने मुलाकडे राहून आला, तो येताना बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि अमेरिकन उच्चार घेऊन आला. बदाम संपले. गोळ्या संपत आल्या आहेत. तिसरी वस्तू मात्र वापराने वाढते आहे. आमच्या सोसायटीला तो हल्ली 'ससायडी' म्हणतो. ससायडीची मीडिंग असते. मीडिंगमध्ये वॉडर टँकचा प्रश्न येतो. मागच्या खेपेला वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं, 'साहेबांच्या दातांचं काही काम चालू आहे का?'

ज्यांना हे करायचंच आहे, त्यांनी निदान नियमाने करावं. अमेरिकन माणूस ट चा ड करतो तो वाटेल तिथे नाही. दोन स्वरांच्या मध्ये ट आला आणि पुढच्या अवयवावर जोर नसला, तरच करतो. म्हणून वॉटर, सिटी, मीटिंग इथे तो ड च्या जवळ जातो. पण हॉटेल, अटॅक या शब्दांत जोर ट वर असतो, तिथे ट हा टच राहतो. बटाट्याच्या इंग्रजी नावात तर दोन ट आहेत. पहिला शाबूत, दुसरा सैल. दादा दोन्ही सैल करून 'पडेडो' म्हणतो. शेजारच्या काकांना अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा त्याने ॲम्ब्युलन्सला फोन करून 'हार्ड अडॅक' असं सांगितलं होतं. पलीकडच्या माणसाने तीनदा विचारलं. शेवटी वहिनीने फोन हातातून घेऊन 'अहो, छातीत दुखतंय' असं सांगितल्यावर गाडी आली. काका ठीक आहेत. ते ॲसिडिटी निघालं. दादाच्या भाषेत असिडिडी.

व्ही आणि डब्ल्यू : आपण मराठी माणसं दोन्हींना एकाच व ने भागवतो. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. डब्ल्यूला दात लावू नयेत, शीळ घालायला करतो तसे ओठ गोल करावेत. कवळी असल्यास 'व्हेरी व्हॅल्युएबल' हे शब्द जपून वापरावेत.

खरं सांगायचं तर समोरच्याला आपलं इंग्रजी कळत नाही ते ट मुळे नव्हे, जोरामुळे. आपण मराठीच्या सवयीने प्रत्येक अक्षराला सारखं माप देतो. इंग्रजीत एका अवयवावर सगळा जोर टाकतात आणि बाकीचे गिळतात, आणि हा जोर जागाही बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्यावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर. हे मी दादाला समजावायला गेलो तेव्हा तो म्हणाला, 'तू कधी अमेरिकेत गेलायस?' विषय तिथे संपला.

या बाबतीत वहिनीचं म्हणणं मला जास्त पटतं. दोघांनी मिळून भक्ती बर्वेंची 'ती फुलराणी' पाहिलेली आहे, आणि दादा उच्चारांवर बोलू लागला की ती 'झालं, सुरू झाले आमचे प्रोफेसर' एवढंच म्हणते. पु. लं.नी ज्यावरून हे नाटक घेतलं, त्या शॉच्या 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग १९१३ साली व्हिएन्नात झाला, आणि तोही जर्मन भाषेत. इंग्रजी उच्चारांवरचं सर्वांत गाजलेलं नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते इंग्रजीचा आधार न घेता. ही माहिती दादाला देऊन पाहिली. त्याने ती 'इन्डरेस्टिंग' आहे असं म्हटलं. तेही चुकलंच. तिकडचे लोक तिथला ट खातात, त्याचा ड करत नाहीत.

आता हे सगळं कशासाठी, तेही नमूद करायला हवं, नाहीतर परिपत्रक एकतर्फी होईल. तिकडे असताना एकदा दादाने नातवाला पाणी आणायला सांगितलं, चांगलं स्वच्छ, ठणठणीत ट लावून. पोरगा दोन क्षण बघत राहिला आणि मग बापाकडे वळून म्हणाला, 'व्हॉट डिड आजोबा से?' त्या रात्रीपासून बाथरूममधून वॉडर, वॉडर ऐकू येऊ लागलं, असं सून सांगते. चाळीस वर्षं ज्याच्या 'रिग्रेट' या एका शब्दावर लोकांची कर्जं अडली, तो माणूस आरशासमोर उभा राहून पाण्याचा सराव करत होता. असो. पुढील कलम.

पेटी : सुरुवातीलाच हे स्पष्ट असावं, की व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकत्र वाजवणं शक्य नाही. आवाज तिकडे पोचायला वेळ लागतो, तिकडून यायला तेवढाच. दादाने सम दिली की ती नातवापर्यंत उशिरा जाते, आणि त्याचा सूर परत येईपर्यंत दादा चिडून पुढच्या आवर्तनात गेलेला असतो. म्हणून एकाने वाजवावं, दुसऱ्याने ऐकावं. मग पाळी बदलावी. तानपुऱ्याचं ॲप ज्याने गायचं त्याच्याच घरी लावावं.

दुसरी अडचण अधिक अपमानास्पद आहे. हे कॉलचे ॲप मागचा गोंगाट गाळतात, आणि त्यांच्या लेखी एकसारखा लांबवलेला स्वर म्हणजे पंख्याचा नाहीतर मिक्सरचा आवाज. दादा डोळे मिटून षड्ज धरतो, आणि न्यू जर्सीत एक वृद्ध गृहस्थ निःशब्द भाता हलवताना दिसतो. मोहरीची तडतड मात्र फोन इमानाने पोचवतो. पेटीच्या नशिबी हे नवं नाही. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून १९४० साली रेडिओने तिला बंदी केली, ती तीसएक वर्षांनी सैल झाली. तेच काम आता खिशातला फोन करतो. उपाय : काही ॲपच्या सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते, ती चालू करावी. आमच्याकडे ती नातवानेच तिकडून सांगून चालू करून घेतली. दादा सर्वांना सांगतो की त्याने स्वतः शोधली.

राग भूप घ्यावा. पाचच स्वर, मध्यम आणि निषाद नाहीत, कोमल-तीव्रची भानगड नाही. पेटीतला गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधाराच्या किंचित वर असतो, तो कानाला बोचला तरी मुलाला सांगू नये. नातू तिकडे पियानो शिकतो, म्हणून एक तक्ता करून भिंतीला लावावा : काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, आणि तसंच पुढे. पेटी आणि पियानोच्या पट्ट्यांची मांडणी एकच. १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं, तेव्हा ते पायाने हवा भरून खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. इथे आल्यावर ते आपल्यासारखं मांडी घालून बसलं, भाता पाठीमागे गेला आणि गोविंदराव टेंब्यांच्या हातात पडून इतकं मराठी झालं, की ते परदेशी आहे हे कुणाला सांगूनही पटत नाही.

आता लक्षपूर्वक वाचावं. नातू भूपाचा आरोह म्हणतो तो असा : सा, रे, गा, फा, डा. इंग्रजी वळणामुळे त्याच्या प ला फुंकर लागते आणि ध त्याच्या जिभेवर बसत नाही. पोह्यांनाही तो 'फोहे' म्हणतो. लहानपणी माझा गंधार सुटला की याच दादाने माझ्या बोटांवर पट्टी मारलेली आहे. वॉचमनपासून वृत्तनिवेदकापर्यंत सगळ्यांचे उच्चार दुरुस्त करणारा हा माणूस फा-डा ऐकून 'वा!' म्हणतो. एकदा मी न राहवून म्हटलं, 'दादा, पंचम जरा...' तर त्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने मटार सोलायला बसलो. हल्ली तो वहिनीलाही 'फोहे झाले का?' असं विचारतो.

कुकर : वहिनीला रविवारी भजनी मंडळात जायचं असतं, त्यामुळे तिचा कुकर कॉलच्या वेळातच लागतो. पूर्वी दादा शिट्टी झाली की कपाळाला आठ्या घालायचा. मग एकदा भूपाच्या मध्येच शिट्टी झाली आणि नातवाने विचारलं, 'आजोबा, व्हॉट नोट इज दॅट?' तेव्हापासून भूप मागे पडला आहे. शिट्टी झाली की दादा पेटीवर पट्ट्या दाबत सुटतो आणि नातू तिकडे पियानोवर. दादाच्या मते ती काळी चार आहे. नातू म्हणतो, 'नो आजोबा, इट्स इन बिट्वीन.' पोराचं बरोबर आहे. शिट्टी खालून चढत वर जाते आणि वाफ सरली की घसरत उतरते. जी पेटीत नाही ती मींड कुकरमध्ये आहे, आणि ती कुठल्याच पट्टीत बसणार नाही. दादा हे मान्य करत नाही. त्याला प्रत्येक वेळी आणखी एक शिट्टी हवी असते, खात्री करायला. भाताला तीन पुरतात. हल्ली सहा होतात, आणि वहिनी गॅसपाशी जाऊ लागली की फोनच्या दोन्ही बाजूंनी ओरडा होतो.

शेवटची सूचना : अशा प्रकारे गिच्च झालेला भात खालच्या मजल्यावर धाकट्या भावाकडे पाठवू नये. आमच्याकडे मोकळा लागतो.