दीड बोकडाचं शिक्षण

आमच्या संस्थेत प्रस्ताव लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, कारण अकरा वर्षांपूर्वी ‘सक्षमीकरण’ हा शब्द न चुकता टाइप करणारा मी एकटाच निघालो. तेव्हापासून धाराशिव जिल्ह्यातल्या शेळीपासून शोषखड्ड्यापर्यंत सगळ्यांचं सक्षमीकरण मीच करत आलोय. माझं स्वतःचं मात्र राहून गेलं. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाला पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत मुभा होती, ती २०२० मध्ये २० वर आली. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी देणाऱ्या कंपन्यांना तर प्रत्येक रुपया लाभार्थ्याच्या हातात पडताना फोटोत दिसावा लागतो. माझ्या हाताचा फोटो कोण काढणार?

पण यंदा पैसे निघाले. (कुठून, ते सांगतो.) पुण्यात तीन दिवसांची कार्यशाळा, फी १२,००० रुपये.

पहिला दिवस लॉगफ्रेमचा. हा चौकटींचा तक्ता १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी तयार झाला. शेळ्या वाटल्या हे आउटपुट, त्यातून बाईचं उत्पन्न वाढलं हा आउटकम. शेवटचा रकाना गृहीतकांचा, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचा. मी लिहिलं : ‘पाऊस पडेल. कंपनीतला ओळखीचा साहेब बदलून जाणार नाही.’ कार्यशाळा घेणाऱ्या मॅडमनी माझा कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि मी जमिनीपासून चार बोटं वर चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्हीच फंडर झालो. संस्थांची नावं झाकलेले जुने प्रस्ताव वाटले. आमच्या गटाला शेळीपालनाचा आला. बजेटचं पान नाशिकच्या एका मुलीनं घेतलं, मजकूर मी. आयुष्यभर नकाराच्या ईमेल खाल्लेल्या माणसाच्या हाती लाल पेन! ‘वंचित घटकांचे सर्वांगीण सक्षमीकरण’ या ओळीवर मी दोनदा काट मारली. गावाचं वर्णन कुठल्याही गावाला चालेल असं. बेसलाइन, म्हणजे कामाआधीची आकडेवारी, नाहीच. ५० पैकी ११ गुण दिले आणि माइक हातात घेऊन सांगितलं, “लिहिणाऱ्यानं गाव पाहिलेलं नाही. शेळीसुद्धा चित्रातच पाहिली असावी.”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “दादा, बजेट बघा ना. महिला ४०, शेळ्या ८० आणि बोकडही ४०!”

सभागृह खदखदून हसलं. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. मला तर फारच नीट माहीत होतं. गेल्या वर्षी ४ च्या पुढे शून्य माझ्याच बोटानं पडलं होतं आणि कंपनीनं ते जसंच्या तसं मंजूर केलं होतं. बचत गटाच्या अध्यक्षबाई यादी पाहून म्हणाल्या होत्या, “दादा, शेळ्या पाळायच्यात का आखाडा भरवायचाय?” मग मी कंपनीला पत्र लिहिलं : ‘३६ बोकडांची बचत झाली असून सदर रक्कम इतरत्र वळवण्यास परवानगी मिळावी.’ तीही मिळाली. बरीचशी रक्कम गोठ्याच्या पत्र्यांवर गेली. उरलेली ‘क्षमताबांधणी’ या शीर्षाखाली पडून होती. बोकड ८,००० चा. म्हणजे दीड बोकडाच्या पैशांत मी त्या खुर्चीत बसलो होतो.

कार्यशाळेआधी ‘एखादा जुना प्रस्ताव पाठवा’ अशी ईमेल आली होती, हेही तेव्हाच आठवलं. मी वाचून न पाहता वरची फाइल जोडली होती.

मॅडम म्हणाल्या, “लिहिणारी व्यक्ती इथंच आहे हं, जरा सांभाळून.” सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं. शेवटच्या रांगेतल्या एका गरीब चेहऱ्याच्या गृहस्थांवर नजर जरा जास्तच वेळ ठेवली.

निघताना फॉर्म भरायचा होता : ‘प्रशिक्षणामुळे तुमच्यात झालेला मोजता येण्याजोगा बदल.’ आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी लिहिलं : बेसलाइन ४०, एंडलाइन ४.